तिसऱ्या ओळीनंतर

८ जानेवारी

प्रिय टिटवे,

टायपिंग क्लास सुटला की मशीनवर खोळी चढवायचं काम आपल्या दोघींकडे असायचं. मी एका टोकाने सुरुवात करायचे, तू दुसऱ्या टोकाने. खोळ घालण्याआधी तू प्रत्येक मशीनचं एक अक्षर दाबायचीसच. टक. क्लासचे काका पाठमोरे बसून फिती गुंडाळत असायचे. मान न वळवता म्हणायचे, "टिटवे, झोपलेल्याला टोचू नये." मग पुढच्या मशीनवर तू आणखी हळू दाबायचीस, आणि ते आणखी हळू म्हणायचे, "ऐकू आलं."

आज भाजी चिरताना हे एकदम आठवलं. शाळेतल्या सिस्टर शिकवायच्या की पत्राची सुरुवात प्रकृतीच्या चौकशीने करावी. ते राहूनच गेलं. तुझी प्रकृती बरी असेल. माझी ठीक आहे. माझी खोली वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर आली, एवढाच बदल. खिडकीतून पूर्वी माणसांची डोकी दिसायची, आता पाय दिसतात. पायांवरूनही माणसं ओळखू येतात, असा शोध लागला.

तू माझी पत्रं उघडतेस की नाही, मला माहीत नाही. परत येत नाहीत, त्यावर मी समाधान मानते.

चिऊची एक बातमी आहे. तुझ्या मुलीची बातमी तुला मी द्यावी, हे काही बरं नाही, पण तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही, तर कुणीतरी द्यायला हवी. ती इथे संस्थेत मुलांचा गाण्याचा वर्ग घेते, हे तुला ठाऊक आहे. वार्षिक मेळाव्यात तिची मुलं मंचावर प्रार्थना म्हणायला उभी राहिली. सभागृह भरलेलं. पहिल्या दोन ओळी छान झाल्या. तिसरी झाली, आणि नियमाप्रमाणे सगळ्या सभागृहाने मौनासाठी डोळे मिटले. मुलांनी मात्र चौथी ओळ म्हणून टाकली. मोठ्याने, आनंदाने, एका दमात. त्या शांततेत ती ओळ स्वयंपाकघरात पातेलं पडावं तशी पडली. मागच्या रांगेत कुणीतरी दचकून "काय झालं?" असं विचारलं. मी हसले. शेजारी बसलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे रागाने पाहिलं, आणि मग त्याही हसल्या.

मंचावर बसलेले मात्र कुणी हसले नाहीत.

तुझी,
ताई


१९ जानेवारी

प्रिय टिटवे,

प्रकरण वाढलं आहे. मला वाटलं होतं, चिऊला बोलावून चार शब्द सुनावतील आणि सोडून देतील. मुलं लहान आहेत. एवढा वेळ गप्प उभं राहणं त्यांना जमत नाही, एक खुदकन हसलं की सगळी हसतात. म्हणून तिने त्यांना सरळ म्हणायला शिकवलं. "माझी आई असंच म्हणायची," असं त्यांना सांगितलंही. ते मुलांनी घरी सांगितलं, घरच्यांनी पाठनिरीक्षकाला सांगितलं. पाठनिरीक्षक हे नवं पद आहे. तुझ्या वेळी नव्हतं. एक तरतरीत तरुण माणूस सगळ्या केंद्रांमध्ये फिरून प्रार्थना बरोबर म्हणतात की नाही ते तपासतो. प्रार्थना ज्यांची, त्या काकांना त्याने पाहिलेलं नाही, पण त्यांचा उल्लेख तो 'श्रीजी' असा इतक्या जवळिकीने करतो, की मलाच परक्यासारखं वाटतं.

तर शिस्त समितीने चिऊकडे माफीपत्र मागितलं आहे. मजकूर त्यांनीच तयार करून दिला आहे. परवा ती तो कागद घेऊन माझ्या खोलीत आली आणि पलंगावर बसली.

"मावशी, ऐक. 'मला अनधिकृत व्यक्तीकडून अशुद्ध पाठ मिळाला आणि तो मी अजाणतेपणी मुलांना दिला.' अनधिकृत व्यक्ती म्हणजे कोण, कळलं ना?"

"सही करून मोकळी हो," मी म्हणाले. "कागदच तो. टिटवीला कोण दाखवायला जातंय?"

"तू केली असतीस?"

"मी इथे पुष्कळ कागदांवर सह्या केल्यात. काय लिहिलं होतं ते आठवतही नाही."

"आईला चुकीची म्हणायचा हक्क माझा आहे," ती म्हणाली. "तो मी पुरेपूर वापरलाय. पण यांच्या लेटरहेडवर नाही म्हणणार."

हे तुला कळावं म्हणून लिहिते आहे. तू संस्था सोडून गेलीस त्या दिवशी ती तुझ्याबरोबर आली नाही, माझ्याकडे राहिली. तू तिला जे बोललीस तेही मी ऐकलं होतं. सभागृहात उभी राहून तू सगळ्यांना ओरडून सांगितलंस, "अहो, दमा होता काकांना, दमा! मौन कसलं!" आणि दारात चिऊला म्हणालीस, "बस तू यांच्याबरोबर डोळे मिटून. उघडलेस की ये." तिने डोळे उघडले आहेत की नाही, ते मी सांगू शकत नाही. सही मात्र केलेली नाही. केली नाही तर तिचा वर्ग जाईल, आणि वर्गाबरोबर राहायची खोलीही. तिचं सगळं जग म्हणजे ती मुलं आहेत.

पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. काकांच्या पहिल्या खोलीतल्या माणसांपैकी आता आपण दोघी उरलो, आणि क्लासमधला स्टेनो. माझी साक्ष घेणार आहेत. तू आलीस तर दोन साक्षी होतील. ये.

ताई


२ फेब्रुवारी

प्रिय टिटवे,

तुझं कार्ड आलं. इतक्या दिवसांनी तुझं अक्षर पाहिलं. अजूनही उजवीकडे झुकतं. सिस्टरांना ते कधी आवडलं नाही.

'येणार नाही. फुगा लाल रबराचा होता, तेवढं सांग.'

बरं. सांगेन.

तू नेहमी विचारायचीस, सगळं माहीत असून मी इथे कशी राहते. तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण तू विचारत नव्हतीस, भांडत होतीस. आता सांगते. मला इथे आवडतं. शाळेच्या चॅपेलमध्ये प्रार्थना संपल्यावर थोडा वेळ सगळ्याजणी गुडघ्यांवर तशाच राहायच्या, आठवतं? तू माझ्या वेणीची रिबीन सोडायचीस. मला तो वेळ आवडायचा. इथे तिसऱ्या ओळीनंतर तसंच होतं. माझ्या रांगेत एक शिंपीण येते. तिचा मुलगा घर सोडून गेला, त्याचा पत्ता नाही. ती म्हणते, "दिवसभर मशीन चालू, नाहीतर तोंड चालू. इथे तेवढा वेळ मला कुणी काही विचारत नाही." तिची ती शांतता खोटी आहे, असं मी तिला सांगू शकत नाही. खोटी नाहीच ती. ती कुठून आली याची गोष्ट तेवढी खोटी आहे, आणि त्या गोष्टीवर आता मोठी इमारत उभी आहे.

काका असताना आपण सगळे मिळून एका खोलीत मावायचो. टायपिंगच्या स्टुलांवर बसायचो. ती स्टुलं गोल फिरायची, आणि तू फिरायचीसच. प्रार्थना त्यांनी आपल्या डोळ्यांदेखत केली. पहिली ओळ तर आईचीच. ती ऑफिसला जाताना आपल्याला क्लासमध्ये सोडून रोज जिन्यातून ओरडायची, "मला उशीर होईल, दार लोटू नका हो!" एके दिवशी काकांनी तीच चालीत घातली.

मी उशिरा येईन, दार लोटू नको
नावगाव माझे काही पुसू नको
मागायचे जे मी विसरून जाईन
ते द्यायला मात्र तू विसरू नको

एवढीच. आता तिच्यावर तीन भाष्यं आहेत. पहिल्या ओळीतलं दार म्हणजे काय, यावर एक पूर्ण प्रकरण आहे. मी ते वाचलं. आईच्या ऑफिसच्या वेळा त्यात नाहीत.

ताई


१७ फेब्रुवारी

प्रिय टिटवे,

सुनावणी झाली.

समितीची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. मी सावकाश गेले, वाटेत प्रत्येक सूचनाफलक वाचत. इतके फलक आहेत, हे मला माहीतच नव्हतं. आत लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि भिंतीवर काकांची मोठी तसबीर. चित्रकाराने त्यांचे खांदे रुंद केले आहेत. खरं तर ते श्वासासाठी खांदे वर ओढून बसायचे. ते खांदे त्यात नाहीत.

मधल्या खुर्चीत स्टेनो होता. आपला स्टेनो, ज्याची बोटं मशीनवर दिसायची नाहीत. आता त्याला अध्यक्षजी म्हणतात. त्याच्या एका बाजूला पाठनिरीक्षक आणि दुसऱ्या बाजूला एक वकीलबाई. चिऊ भिंतीकडेच्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून. शाळेत छडी खायच्या आधी तू बसायचीस, अगदी तशी.

"ताई, तिसऱ्या ओळीनंतर श्रीजी थांबत, हे आपण प्रत्यक्ष पाहिलंय?" पाठनिरीक्षकाने विचारलं.

"रोज पाहिलंय."

"त्या वेळी ते काय करत?"

"फुगा दाबत."

"म्हणजे?"

"दम्याचा. काचेची नळी, तिला लाल रबराचा फुगा. तोंडात धरून दोनदा दाबायचे. फुस् फुस्. मग उरलेली ओळ."

वकीलबाईंनी लिहून घेतलं. "त्या वेळी डोळे मिटलेले असायचे?"

"त्यांचे? हो. औषध फार कडू होतं."

चिऊ खाली बघून हसली. पाठनिरीक्षक बिचारा गोंधळला. वाईट माणूस नाही तो. तो म्हणाला, "पण ताई, दमा तर कधीही लागू शकतो. रोज तिथेच का थांबावं? त्यामागे काही संकेत असेलच ना?"

"चालच तशी आहे. तिसरी ओळ वर चढते. तिथे निरोगी माणसालाही धाप लागते. आणि हवा चांगली असली की ते थांबायचे नाहीत. सरळ म्हणून टाकायचे, आणि परीक्षेत पास झाल्यासारखा चेहरा करून आमच्याकडे बघायचे."

मग जे म्हणायचं ठरवून आले होते ते म्हटलं. मौन ठेवा. लोकांना त्यात काही मिळतं, मलाही मिळतं. पण चौथी ओळ सरळ म्हणणाऱ्या मुलीकडून, माझ्या आईने चुकीचं शिकवलं, असं लिहून घेऊ नका. चांगल्या हवेच्या दिवशी ते स्वतःही तसंच म्हणत होते.

स्टेनो पूर्ण वेळ पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होता. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. "आभारी आहोत," म्हणाला. "निर्णय कळवू."

मी जिन्याच्या तोंडाशी एका फलकापाशी उभी होते, तेव्हा तो मागून आला.

"काय वाचतेस एवढं?"

"पाण्याच्या टाकीची सफाई कधी आहे ते."

तो शेजारी उभा राहिला आणि तोही वाचू लागला. मग म्हणाला, "फुगा मीच द्यायचो गं त्यांच्या हातात. फितींच्या डब्यात असायचा. मी विसरेन का?"

"मग आत बोलला का नाहीस?"

"आत मी अध्यक्ष असतो."

"आणि इथे?"

"इथे गुडघे दुखणारा म्हातारा." तो पुढे म्हणाला, "एवढी माणसं त्या जागी थांबतात. कुणी तिथे रडतं, कुणाची दारू तिथे सुटली. त्यांना जाऊन काय सांगू? की औषधाची वेळ होती?"

"सांग की. औषधही लोक श्रद्धेनेच घेतात."

तो हसला. तेच जुनं हसू, नाकातून. तेवढ्यात वकीलबाई बाहेर आल्या आणि त्याचा चेहरा पुन्हा तसबिरीसारखा झाला. "सावकाश उतरा, ताई," असं मला अहो-जाहो करून तो आत गेला.

तुझा लाल फुगा सांगितला. इतिवृत्तात आला आहे.

ताई


२६ फेब्रुवारी

प्रिय टिटवे,

निर्णय आला. सगळ्यांना वाचता यावा म्हणून फलकावर लावला आहे. चिऊने तो माझ्या खोलीत येऊन मोठ्याने म्हणून दाखवला. तिला पाठच झाला होता.

'ज्येष्ठ साधिकेने सांगितलेल्या आठवणींतून श्रीजींच्या श्वासलीलेवर नवा प्रकाश पडला आहे. भक्तांचा श्वास सुरळीत चालावा म्हणून त्यांनी तिसऱ्या ओळीनंतर स्वतःचा श्वास थांबवला. म्हणून या मौनाचे महत्त्व अधिकच आहे.'

बघ, मी खरं सांगितलं, आणि तेही त्यांनी पूजेला लावलं. मला राग यायला हवा होता. मी चहा टाकला.

"आता यांच्याकडून श्वास घ्यायची परवानगी काढावी लागेल," चिऊ म्हणाली आणि खूप हसली. माफीपत्राची मागणी कायम आहे. महिनाअखेरपर्यंत सही, नाहीतर वर्ग दुसऱ्या बाईंकडे.

आणखी एक. काकांच्या स्मृतिदालनात काचेची पेटी ठेवणार आहेत, 'श्रीजींचे श्वासयंत्र' म्हणून. माझ्याकडे मागायला आले होते. मी म्हटलं, अहो, फुगा फाटल्यावर त्यांनीच तो कचऱ्यात टाकला. फाटका फुगा कोण ठेवतं? तर पाठनिरीक्षक म्हणाला, "मग प्रतीकात्मक ठेवू." काल पेटी पाहून आले. औषधाच्या दुकानात मिळतो तो प्लास्टिकचा पंप आहे. निळा. खाली मखमल. तसले प्लास्टिकचे पंप आपण त्या खोलीत कधी पाहिलेही नव्हते, हे स्टेनोला माहीत आहे. तो पेटीसमोर हात जोडून उभा होता. मी पण जोडले. सवयीने.

चिऊने मला विचारलं, "मावशी, आईकडे गेले तर ती दार उघडेल?"

मी म्हटलं, माहीत नाही. तुला विचारल्याशिवाय हो म्हणणं मला योग्य वाटलं नाही. पण तिने सही केली नाही, हे मी आज तुला सांगते आहे. कागद तिने सहीविनाच परत दिला. मुलांना मात्र सांगून आली, की नव्या बाई शिकवतील तसं म्हणा, त्यांना त्रास देऊ नका. मग मोरीत जाऊन नळ सोडून बराच वेळ तोंड धूत होती.

ताई


६ मार्च

प्रिय टिटवे,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. एकच शब्द, 'पाठव.' तुझी सगळ्यात लांब पत्रं मला नेहमी सगळ्यात छोट्या कागदावर आली आहेत.

मी तिच्याबरोबर येणार नाही. तुला वाटेल, अजून हिची सवय सुटत नाही. तसं समज हवं तर. पण तुला एक गोष्ट सांगितली नव्हती, ती आता सांगते, म्हणजे खालची यादी वाचून घाबरणार नाहीस. खोली तळमजल्यावर आली ती जिना जमत नाही म्हणून. डॉक्टर म्हणतात फुप्फुसं दमली आहेत, आणि ती आता ताजी व्हायची नाहीत. माझ्याकडेही एक पंप आहे. निळाच, प्लास्टिकचा. चिऊला वाटतं साधा खोकला आहे. तिला माझ्यासाठी इथे थांबू द्यायचं नाही, म्हणून बोलले नाही.

संध्याकाळी मी सभागृहात जाते. तिसरी ओळ मला काही पुरी करता येत नाही. सगळे डोळे मिटतात, तेव्हा मी रुमालाआड पंप ओढून घेते. फुस् फुस्. शिंपिणीला ऐकू जात असेल, ती काही विचारत नाही. मग चौथी ओळ मी सगळ्यांबरोबर म्हणते, नीट, सुरात. मौनाचा असा उपयोग करणारी त्या सभागृहात मी एकटीच असेन, आणि काकांच्या सर्वांत जवळची पद्धत माझीच असेल.

परवा पंप खाली ठेवून डोळे वर केले, तर मंचावरून स्टेनो माझ्याकडे बघत होता. त्याचेही डोळे उघडे होते. त्याने काही खूण केली नाही. मौन संपल्याची घंटा त्याच्या हाताशी असते. त्या दिवसापासून ती थोडी उशिरा वाजते. पाठनिरीक्षकाने घड्याळाकडे बोट दाखवलं, तर म्हणाला, "थांबा. त्यांचं होऊ दे." निरीक्षकाने मान डोलावली. त्याला वाटलं, श्रीजींबद्दल बोलतोय.

तर आता वाटप.

माझी पेटी चिऊला. काळी चार अडकते, तिथे बोट हलकं ठेवायचं. भाता गळतो, तो दुरुस्त करून घ्यावा, नाहीतर तिसऱ्या ओळीला तिलाही धाप लागेल.

टायपिंग क्लासचं फिरतं स्टूल तुला. चिऊच्या सामानाबरोबर पाठवते आहे. मी बसून पाहिलं, अजून फिरतं. करकरतं, पण फिरतं.

खोलीतला दिवा, शाल आणि शिवणाच्या सुया शिंपिणीला. तिच्या मुलाचा पत्ता लागला तर शाल त्याला द्यायची की नाही, ते तिने ठरवावं.

स्टेनोला फितींचा डबा. माझ्याकडेच राहिला होता. रिकामा आहे. त्याला कळेल. काचेच्या पेटीत ठेवायचा नाही, एवढं त्याला सांगा.

संस्थेला माझी सगळी भाष्यं परत. पानं स्वच्छ आहेत.

माझा पंप कुणालाही नाही. माझ्यामागे तो पहिल्या दिवशी कचऱ्यात टाका. हे काम चिऊवर सोपवते, ती हयगय करणार नाही.

आणि चिऊ तुला. ती रविवारी निघते आहे. बस अंधार पडल्यावर पोचते, आणि पुढे तिला चालत यायचं आहे, स्टूल आणि पेटी सांभाळत. तिथे काय झालं, असं आल्या आल्या विचारू नकोस. सांगायचं तेव्हा सांगेल. उशीर होईल तिला. दार लोटू नकोस.

तुझी,
ताई